मासे पोहत होते, अक्षरं अडकली होती

कोणाकडे संगणक दुरुस्तीला गेलो की मी आधी त्याची सजावट उतरवतो. घरच्यांनी पाणी विचारायच्या आत. चौकटी उघडताना फुलतात ते बंद, मिटताना विरघळतात ते बंद, काचेसारखं आरपार दिसतं ते बंद, कडांच्या सावल्या बंद, मागचं हलतं चित्र बंद. पाच मिनिटांचं काम. मालकाचं तोंड उतरतं. "अहो, किती छान दिसत होतं," म्हणतात. मी विचारतो, "मला कशासाठी बोलावलंय? दिसत नाही म्हणून की चालत नाही म्हणून?" या जिभेपायी जुळे सोलापुरातली माझी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. निम्मी टिकली. मला दोन्हीचं काही वाटत नाही.

संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. आयुष्यभर या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत संगणक दुरुस्त करत फिरलो, तेव्हा गमती आहेतच. पण लिहायला बसलो की गंमत बाजूला राहते आणि डोकं तापतं. ते तापलेलंच छापा, असं मी त्यांना कळवलं आहे.

गेल्याच महिन्यात आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी हाक मारली. त्यांचा संगणक आपोआप नव्या अवतारात गेला होता. सगळं धुरकट काचेचं. मागच्या फोटोत नातवाचा पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर पांढरट काचेची चौकट, तिच्यावर पांढरट अक्षरं. बंद करायची फुली कुठे आहे हे त्या माणसाला दिसेना. आयुष्यभर ज्याने सह्यांमधला फरक नजरेने ओळखला, तो मला विचारतो, "माझे डोळे गेले का हो?" मी म्हटलं, "डोळे शाबूत आहेत काका. ज्याने हे केलंय त्याची अक्कल गेली आहे." लोक स्वतःला अडाणी समजतात, म्हातारं समजतात, आणि ज्यांनी हा नटवेपणा त्यांच्या माथी मारला ते मात्र हुशार ठरतात. माझा पहिला राग याच्यावर आहे.

बाहेरच्या माणसासाठी साध्या शब्दांत सांगतो. संगणकाची ताकद ठरलेली असते. तुम्ही कळ दाबली की ती वाचायची, अक्षर उमटवायचं, हिशेब करायचा, हे त्याचं काम. वर तुम्ही त्याला सांगता की प्रत्येक चौकट डुलत डुलत आण, तिच्यामागचं धूसर दाखव, सावली पाड. हेही त्यालाच करायचं असतं. महागड्या यंत्रात चित्र रंगवायला वेगळा भाग बसवलेला असतो, तिथे फारसं बिघडत नाही. पण आपल्याकडच्या शाळांत, कार्यालयांत, छोट्या दुकानांत जी यंत्रं आहेत त्यांत असला भाग नावापुरता. तिथे एकच जीव राबतो. बेंदराच्या दिवशी बैलाला झूल घालतात, शिंगांना गोंडे लावतात, मलाही ते बघायला आवडतं. पण त्याच झुलीसकट कोणी त्याला नांगराला जुंपत नाही. एवढं साधं शहाणपण शिकलेल्या माणसांना का नसावं, याचा मला उलगडा होत नाही.

सगळंच वाईट असं मी म्हणत नाही. चौकट लहान होऊन खालच्या पट्टीत शिरताना दिसली, तर नवशिक्याला ती कुठे गेली ते कळतं. हे कामाचं आहे. फाइल ओढून नेताना तिची सावली बोटाबरोबर सरकते, तेही कामाचं. जे हलणं काही सांगतं ते असू द्यावं. जे नुसतं नाचतं त्याला हाकलावं. माझी कसोटी एवढीच आहे आणि ती आजवर कुठे चुकलेली नाही. मी मात्र एकदा चुकलो, आणि ते पुढे येईलच.

आधी एक हसण्यासारखं सांगतो. एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नवे संगणक आले होते. तिथल्या साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं की पडदा चौकोनी ठोकळ्यासारखा फिरतो, चार बाजूंना चार टेबलं मांडल्यासारखी चार कामं. त्यांनी हट्टाने तेच बसवून घेतलं. ऊसनोंदीच्या दिवशी तिथल्या कारकुनाचा हात चुकून कुठल्या कळेवर पडला आणि भरत आणलेल्या फॉर्मासकट ठोकळा गर्रकन फिरला. फॉर्म गेला मागच्या बाजूला. पुढे कोरा पडदा. खिडकीबाहेर शेतकऱ्यांची ही रांग. तो बिचारा खुर्चीवरून उठला, पडद्याच्या मागे गेला आणि वाकून तिथे शोधायला लागला. मी तिथे पोचलो तेव्हा तो मागून वायरी चाचपत होता. "हितनं मागं गेलं की साहेब, म्या डोळ्यानं बघितलं," असं मला शपथेवर सांगत होता. साहेब हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र मला त्या कारकुनाचंच पटलं. पडद्याने दाखवलं की कागद मागे गेला, त्याने मागे बघितलं. चूक कोणाची?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

जुळे सोलापुरात एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिचे मालक मल्लूअण्णा. वडिलांच्या काळात तिथे टाइपरायटर होते, रस्त्यावरून जाताना खडखडाट ऐकू यायचा. अण्णांनी ती यंत्रं भंगारात घातली आणि कुठल्याशा कंपनीतून निघालेले वीस जुने संगणक आणले. देखभाल माझ्याकडे. टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं केंद्रही तिथे पडायचं. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, आपल्याकडे कारकुनाच्या नोकरीत मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, मिनिटाला तीस शब्दांचं. ठरल्या मुदतीत ते मिळालं नाही तर पद जातं.

तिथे सुनंदाबाई यायच्या. मूळच्या करमाळ्याकडच्या एका खेड्यातल्या. नवरा एका सरकारी कार्यालयात कारकून होता. तो अचानक गेल्यावर त्याच्या जागी अनुकंपेवर यांना घेतलं. बाईंनी शाळा संपल्यापासून लेखणी धरली नव्हती, एकदम फायलींच्या ढिगात येऊन बसल्या. ऑफिसचं काम लवकर शिकल्या. अडलं टायपिंगपाशी. दोनदा परीक्षा दिली, दोनदा गेली. मुदतीत बसणारी आता एकच परीक्षा उरली होती. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तास दीड तास येऊन बसायच्या. घरी संगणक नव्हता, तर पुठ्ठ्यावर कळा आखून घेतल्या होत्या.

अण्णांना हॉलचा फार सोस. छताला दिवे, भिंतीला निळा रंग, आणि वीसच्या वीस पडद्यांवर हलतं मत्स्यालय. सोनेरी मासे, बुडबुडे, डोलणारं शेवाळ. चौकटी आरपार, म्हणजे तुम्ही अर्ज टाइप करताय आणि त्याच्या खालून मासा जातोय. पालक प्रवेश घ्यायला आले की अण्णा त्यांना आधी हॉलच्या दारात उभं करायचे. "काय ओ, कसं वाटतं? फाइव्ह स्टार का नाही?" पालक फी भरून जायचे.

एका सकाळी मी तिथे प्रिंटर बघत होतो. सुनंदाबाईंनी हळूच हाक मारली. "भाऊ, ते मासं जरा थांबवा की. मी दाबते त्ये लगीच उमटत न्हाय."

मी शेजारी बसून बघितलं. बाईंचं खरं होतं. बोटं पुढे, अक्षरं मागे. त्या बिचाऱ्या यंत्राची निम्मी ताकद मासे पोहवण्यात जात होती. मी त्यांच्या यंत्रावरचं सगळं उतरवलं. साधा राखाडी पडदा, साध्या चौकटी. "आता मारा," म्हटलं. घड्याळ लावलं. मिनिटाला तेहेतीस शब्द, चुका जवळपास नाहीत. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे मीच मारलं का वो?" म्हणाल्या. पुढचे तीन आठवडे त्या त्याच यंत्रावर बसल्या आणि रोज तिसाच्या वर गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन. "इंजिनिअर, उद्या तपासणीला मोठे साहेब येणार. एका मशीनवर नुसता राखाडी पडदा आहे, गवंडी गिलावा अर्धा टाकून गेल्यासारखं दिसतंय. सगळीकडं मासे करून जा."

मी म्हटलं, "अण्णा, टायपिंगची परीक्षा आहे. जुनी यंत्रं आहेत, दमतील."

"परीक्षेचा प्रोग्राम उघडला की सगळा पडदा झाकतो ओ. मासे दिसतात कुठं? तुम्ही करता का दुसरा माणूस बघू?"

दुसरा माणूस बघू म्हटल्यावर मी येतो म्हणालो. वास्तविक माझ्याकडे तेव्हा कामांचा तोटा नव्हता. ते काम गेलं असतं तर माझ्या घरची चूल विझली नसती. तरी मी गेलो आणि माझ्या हाताने वीसही पडद्यांवर मासे सोडले. मला माहीत होतं की अण्णांनी कुठून तरी आणलेला तो माशांचा प्रोग्राम झाकला तरी थांबत नाही. वर प्रश्नपत्रिका आली तरी खाली मासे पोहतच राहणार होते. एवढं सगळं माहीत असून मी ते केलं आणि चहा पिऊन घरी आलो.

परीक्षेला काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून मला हॉलच्या मागे खुर्ची दिली होती. घंटा झाली. वीस जण एकदम टाइप करायला लागले. तरण्या पोरांची सवय वेगळी असते, ती पडद्याकडे बघून टायपतात. अक्षर अडलं की थांबतात, आलं की पुढे जातात. त्यातलेही काही जण वैतागून इकडे तिकडे बघत होते. सुनंदाबाईंना अण्णांनी जुन्या टाइपरायटरच्या रिवाजाने शिकवलं होतं. नजर कागदावर, मान वर करायची नाही, पडद्याकडे बघायचं ते ओळ संपल्यावर. चांगला टायपिस्ट तसाच घडतो. त्यांनी ओळ संपवून मान वर केली तर शेवटचे तीन-चार शब्द पडद्यावर नाहीत. त्यांना वाटलं, कळा नीट बसल्या नाहीत. त्यांनी ते शब्द पुन्हा मारले. तोवर अडकलेले शब्द उमटले आणि मागोमाग दुसऱ्यांदा मारलेले. मग पुसणं आलं. पुसलेलंही लगेच दिसेना, म्हणून जास्त पुसलं गेलं. मागे बसून मला त्यांची मान दिसत होती. आधी ओळीला एकदा वर व्हायची, मग शब्दाशब्दाला वर व्हायला लागली.

त्यांनी हात वर केला. तपासणीचे साहेब जवळ आले. "काय झालं बाई?"

"साहेब, शब्द यायनात. मारलेत मी."

साहेबांनी मागे वळून मला विचारलं, "मशीन ठीक आहे ना हो?"

इथे नियम सांगायला हवा. यंत्रात बिघाड आहे असं त्याच वेळी नोंदवलं गेलं, तर परीक्षार्थीला दुसऱ्या यंत्रावर पुन्हा पूर्ण वेळ देता येत होता. मी नुसतं "नाही" म्हणायचं होतं. उठून जाऊन मासे मारायला मला दोन मिनिटं लागली असती. साहेबांच्या खांद्यामागे अण्णा उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. एका यंत्राचं नोंदवलं असतं तर वीसही यंत्रांचं निघालं असतं, अण्णांचं केंद्र गेलं असतं.

मी म्हणालो, "ठीक आहे साहेब."

साहेब बाईंना म्हणाले, "घाबरू नका, शांतपणे करा." बाईंनी मान खाली घातली आणि टाइप करत राहिल्या. मला आजही सगळ्यात जास्त राग येतो तो त्या "घाबरू नका"चा. ती बाई घाबरली नव्हती.

निकाल लागला, त्या थोडक्यात नापास झाल्या. मुदत संपली. कारकुनाचं पद गेलं आणि त्याच कार्यालयात त्यांना शिपाई म्हणून ठेवलं. अण्णा मला म्हणाले, "नर्व्हस झाल्या ओ. वय झालं की बोटं वळत नाहीत." मी तेही ऐकून घेतलं. पुढे दोन वर्षं मी त्या इन्स्टिट्यूटचं काम करत होतो. बाहेर लोकांच्या पडद्यांवरची सजावट ओरबाडत फिरायचो, कंपन्यांना शिव्या घालायचो, आणि अण्णांच्या हॉलमध्ये गेलो की मुकाट्याने मासे पोहू द्यायचो. लोक मला तापट म्हणतात. तापायच्या एका वेळेला मी थंड बसलो होतो, हे कोणाला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच सरकारी कार्यालयातून मला बोलावणं आलं. सुनंदाबाई तिथे असतील असा अंदाज होता, तरी गेलो. नवे संगणक, नवी काच, जुनीच रडगाणी. एका टेबलावर मी सजावट उतरवत बसलो होतो. चहा घेऊन सुनंदाबाईच आल्या. केस पिकले होते. "वळखलं का भाऊ?" म्हणाल्या. मी मान डोलावली.

तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला, एक पत्र तातडीने पाहिजे होतं. ज्याचं ते टेबल तो प्रमाणपत्रवाला कारकून दोन बोटांनी टकटक करणारा, आणि त्या दिवशी तोही जागेवर नव्हता. साहेबांनी सहज सांगितलं, "सुनंदाबाई, तुम्हीच काढा की, नेहमीसारखं." म्हणजे हे रोजचंच होतं. त्यांनी ट्रे बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि मी नुकत्याच मोकळ्या केलेल्या यंत्रावर बसल्या. नजर कागदावर, मान खाली. पानभर पत्र त्यांनी एकदाही न अडता काढलं. मी शेजारी उभा होतो. पत्र आत देऊन त्या कप न्यायला परत आल्या तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. मासे कोणी सोडले, तपासणीच्या साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणालो.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "त्याच दिशी का न्हाय बोलला?"

अण्णांचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"मला वाटायचं, माजंच डोकं फिरलं हुतं त्या टायमाला. शब्द मारले हुते का नव्हते, हेच मला नंतर सांगता येईना." मग प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "हे लिवून द्या."

मी म्हटलं, "बाई, इतक्या वर्षांनी ऑफिसात याचा काही उपयोग होणार नाही."

"हापिसाला कोण दावतंय? माझी पोरगी आता कालेजात जाती. तिच्या बापाची जागा मला टिकवता आली न्हाय, असं ती समजून चालती. तोंडानं बोलत न्हाय, पर मला कळतंय की. तिला दावायचंय."

मी लिहायला घेतलं. आयुष्यभर दुरुस्तीचे अहवाल लिहिलेला हात, तो आपोआप चालला. 'परीक्षेच्या दिवशी काही तांत्रिक कारणांमुळे यंत्र संथ चालत होते, त्यामुळे परीक्षार्थीस अडचण आली.' खाली सही केली आणि कागद त्यांना दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"ह्यात तुमी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मी तो कागद फाडला, दुसरा मागितला आणि माझ्या नावापासून सुरुवात केली.